पगार : रोम, चौल आणि बोरघाट



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं. गृहस्थ इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "सर, कामगार आणि पगार, दोन्हींत 'गार' आहे. हे दोन्ही शब्द एकाच घरातले का?" आम्ही म्हटलं, याचं उत्तर चहाच्या एका कपात मावायचं नाही. तेव्हा आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

नकार आधीच देऊन टाकतो. हे शब्द एका घरातले नाहीत. 'कामगार' मधला 'गार' हा फारसी प्रत्यय. गुन्हेगार, मददगार, रोजगार या शब्दांत तोच बसला आहे. 'पगार' चा फारसीशी काही संबंध नाही. तो पोर्तुगीज आहे आणि त्याचं मूळ घर रोम. पण एवढं सांगून थांबलो तर ते कोशातलं उत्तर झालं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्द कुठून आला यावर आमचं समाधान होत नाही. येताना तो काय घेऊन आला, हे आम्हाला बघायचं असतं. आणि या शब्दाने जे आणलं, त्याचा खोपोलीशी फार जवळचा संबंध आहे.

आधी शब्दाचं कुटुंब बघू. संस्कृत-प्राकृतातून जशा मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषा निघाल्या, तशा लॅटिनमधून पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, रुमानियन या भाषा निघाल्या. या लॅटिनच्या लेकींना एकत्रितपणे रोमान्स भाषा म्हणतात. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद आहे. अर्थ, पैसे देणं, देणं चुकतं करणं. स्पॅनिशमध्येही तेच, कॅटलानमध्येही तेच. इटालियनमध्ये 'पागारे'. फ्रेंचमध्ये झिजून 'पेये' झालं, आणि फ्रेंचमधून ते इंग्लंडात गेलं तिथे 'पे' झालं. म्हणजे गंमत बघा. आपण 'पगाराची पे-स्लिप' म्हणतो, तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारतो. एक भाऊ समुद्रमार्गे कोकणात उतरला, दुसरा इंग्रजांबरोबर आला, आणि दोघांची भेट झाली ती नोकरदाराच्या खिशात.

या सगळ्यांचं लॅटिन मूळ 'पाकारे'. 'क' चा 'ग' कसा झाला, असं कोणी विचारील. तर तो आपल्याकडेही होतो. 'मकर' ची मगर झाली, 'प्रकट' चं प्रगट झालं. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'क' मऊ पडतो, मग तो गंगेकाठी असो की स्पेनात.

आता 'पाकारे' म्हणजे काय? पैसे देणं? नाही. अभिजात लॅटिनमध्ये 'पाकारे' म्हणजे शांत करणं. 'पाक्स' म्हणजे शांतता, तह. त्यावरून हे क्रियापद. ज्युलियस सीझरने गॉल देश जिंकला, त्याच्या वर्णनात हेच क्रियापद येतं. बंडखोर टोळ्या 'शांत' केल्या, म्हणजे वठणीवर आणल्या. त्या शांततेत दोन्ही बाजू सुखी होत्या असं समजू नका. विजेत्याच्या भाषेतली ती शांतता होती.

मग शांत करण्याचा पैसे देण्याशी संबंध कसा आला? पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये हे क्रियापद धनकोच्या बाबतीत वापरलं जाऊ लागलं. ज्याचं देणं आहे तो माणूस अस्वस्थ असतो. तो दारात येतो, आवाज चढवतो, चारचौघांत विषय काढतो. त्याचं देणं दिलं की तो शांत होतो. तर धनकोला शांत करणं म्हणजे 'पाकारे'. हळूहळू 'शांत करणं' मागे पडलं आणि 'पैसे देणं' एवढंच उरलं. लॅटिनच्या एका लेकीने मात्र जुना अर्थ सांभाळला. रुमानियन भाषेत याच मुळापासून आलेला 'अम्पाका' हा शब्द आजही समेट करणं, दिलजमाई करणं या अर्थी आहे. पैसे देण्यासाठी त्यांनी शेजारच्या स्लाव्ह भाषांतून वेगळाच शब्द उसना घेतला.

हा योगायोग नाही, याची आणखी एक साक्ष देतो. फ्रेंचमध्ये देणं फिटलेल्या माणसाला 'कित' म्हणतात. तो शब्द लॅटिन 'क्विएतुस' पासून आला. अर्थ, निवांत, शांत. म्हणजे कर्ज ही एक प्रकारची अशांतता आहे आणि परतफेड ही शांतता आहे, हा विचार त्या संस्कृतीत खोल रुजलेला होता. आपणही 'एकदाचं फिटलं' म्हणताना एक सुस्कारा सोडतोच की!

आणखी एक पायरी मागे जातो आणि मग कोकणात येतो. 'पाक्स' चं मूळ ज्या धातूत आहे, त्याचा अर्थ बांधणं, पक्कं करणं. तह म्हणजे दोन बाजूंना बांधून ठेवणारी गोष्ट. भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी संस्कृतातला एक शब्द जोडतात, 'पाश'. वरुणाच्या हातातला तो पाश. म्हणजे एकाच आदिम मुळापासून पश्चिमेकडे शांततेचा शब्द निघाला आणि आपल्याकडे फासाचा. हे लक्षात असू द्या. शेवटी आपल्याला याच्याकडे परत यायचं आहे.

आता वेतनासाठी लॅटिनमध्ये दुसरे शब्द नव्हते का? होते. त्यातला एक 'मेर्केस', म्हणजे मजुरी, मोबदला. त्याचं पुढे जे झालं ते ऐकण्यासारखं आहे. फ्रेंच 'मेर्सी', म्हणजे आभार, तो याच शब्दातून आला. पोर्तुगीज 'मेर्से' म्हणजे कृपा, मेहेरबानी. म्हणजे मजुरीच्या शब्दाची कृपा झाली आणि शांततेच्या शब्दाची मजुरी झाली! दुसरा शब्द 'सालारिउम', ज्याच्यापासून 'सॅलरी' आली. त्याचं नातं 'साल' शी, म्हणजे मिठाशी आहे. रोमन सैनिकांना पगारात मीठच मिळायचं, असं शाळेत सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. शब्दाचं मिठाशी नातं आहे, एवढं मात्र खरं.

मीठ म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवतं? खाल्ल्या मिठाला जागणं. इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा इथेच आहे.

मिठाच्या कल्पनेत ऋण कोणाचं? चाकराचं. धन्याने मीठ खाऊ घातलं, चाकर त्याचा ऋणी झाला, आणि ते ऋण तो निष्ठेने, वेळ आली तर जीव देऊन फेडतो. धनी अन्नदाता. आता पगाराची कल्पना घ्या. तिथे ऋण कोणाचं? मालकाचं! कामगाराने महिनाभर आधी काम केलं. म्हणजे त्याने आपला घाम मालकाला उधार दिला. पहिल्या तारखेपासून तीस तारखेपर्यंत मालक त्याचा देणेकरी असतो. पगार देऊन तो कामगाराला काही भेट देत नाही, धनकोला शांत करतो. म्हणजे वेतनाकडे बघण्याच्या या दोन अगदी उलट दृष्टी झाल्या, आणि आपण एकाच दमात दोन्ही बोलतो. पगारवाढ मागताना आपण धनको असतो, आणि ती मिळाली की "साहेबांनी उपकार केले" म्हणत ऋणको होतो.

आता हा शब्द आपल्याकडे आला कसा? १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यानंतर दहा-बारा वर्षांत ते आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या चौलला कोट बांधून बसले, आणि १७४० पर्यंत तिथे होते. वसई त्यांच्याकडे होती ती १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं हा कोकणपट्टा पोर्तुगीज बोलणाऱ्या व्यापाऱ्यांशी, शिपायांशी, पाद्र्यांशी व्यवहार करत होता. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. तिथले ख्रिस्ती रहिवासी आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली घरात बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ज्यांना या विषयाची गोडी आहे त्यांनी एकदा कोर्लईला जाऊन यावं. इथून काही फार लांब नाही.

गोव्यात आसगावला १८५५ साली जन्मलेले सेबास्तियन रोडोल्फो दालगादो नावाचे एक मोठे पंडित होऊन गेले. आशियातल्या पन्नासेक भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश त्यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. १९३६ मध्ये बडोद्याहून त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. तो चाळला की मराठीत आलेल्या शब्दांची जात कळते. पाव, बटाटा, काजू, हे सगळ्यांना माहीत असतात. पण कामाच्या जागेवरचे शब्द बघा. मेस्त्री पोर्तुगीज. घमेलं पोर्तुगीज. पिंप, बिजागरी, चावी, बादली, पोर्तुगीज. लिलाव पोर्तुगीज, आणि सगळं फसलं तर शेवटी जायचं तो तुरुंगही पोर्तुगीज! पोर्तुगीजांची कविता आपण घेतली नाही. आपण त्यांची बांधकामाची जागा घेतली. मेस्त्रीने सांगायचं, मजुराने घमेलं उचलायचं, आणि शनिवारी पगार.

येताना या शब्दात एक बदल झाला. पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे, म्हणजे कोणीतरी देणारा लागतो. आपण त्याचं नाम केलं. आणि त्याला क्रियापद कोणतं जोडलं? 'होणे'. "पगार झाला का हो?" पाऊस झाला, लग्न झालं, तसा पगार झाला. या वाक्यात देणारा कुठे आहे? कुठेच नाही. ज्या शब्दात 'मी तुझं देणं देतो' अशी कबुली होती, तो आपल्याकडे ऋतूसारखा आपोआप 'होणारा' झाला. आणि होत नाही तेव्हा "या महिन्यात पगार झाला नाही" म्हणून आपण पावसाची वाट बघावी तशी वाट बघतो. याला कोणी भाषेची सहज सवय म्हणेल. आम्हाला ती तेवढी निरागस वाटत नाही.

कोणी म्हणेल, पोर्तुगीज यायच्या आधी आपल्याकडे पगार नव्हता का? शब्द होते की! संस्कृतात 'वेतन' आहे. मनुस्मृतीने खटल्यांचे अठरा विषय सांगितले, त्यात पहिला कर्जाचा, आणि वेतन न देण्याचा विषय त्याच यादीत स्वतंत्र आहे. म्हणजे ठरलेलं वेतन बुडवणारे दोन हजार वर्षांपूर्वीही होते, आणि तो राजदरबारात नेण्याजोगा तंटा मानला जात होता. मराठेशाहीच्या कागदांत रोजमुरा, तैनात, दरमहा, मुशाहिरा असे शब्द येतात. पण हे शिपायांचे आणि कारकुनांचे शब्द. गावातल्या कष्टकऱ्याचा शब्द होता बलुतं. आणि त्याच्याही खाली होती वेठ.

बलुत्याविषयी हल्ली गोड बोलण्याची पद्धत पडली आहे. गाव म्हणजे कुटुंब, सगळे एकमेकांना धरून, वगैरे. आम्हाला त्यात एक गोष्ट खटकते. बलुत्यात हिशेब कधी मिटत नाही. काम किती, त्याचा मोबदला किती, कधी, हे ठरलेलं असलं तरी मागणाऱ्याला ते खळ्यावर जाऊन, हात पसरून घ्यावं लागे. त्याची सर्वांत कडवट चव महार समाजाला मिळाली. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, त्यामागे हेच दुखणं होतं. काम सरकारचं, वेळेला मर्यादा नाही, राबायचं सगळ्या घराने, आणि मोबदला मात्र वतनाचा तुकडा आणि बलुतं. वतनाच्या बेडीपेक्षा मोजून हातात पडणारा रोख मोबदला बरा, हे ज्यांना कळलं त्यांनी मुंबईच्या गिरण्यांची आणि रेल्वेची वाट धरली. पगार शांत करतो तो असाही. माणूस खातं मिटवून मोकळा होतो, कोणाचा मिंधा राहत नाही.

आता घाटाकडे येऊ. आपण बसलो आहोत ते गाव बोरघाटाच्या पायथ्याचं. नाना फडणवीसांनी इथे देऊळ आणि तळं बांधलं, कारण घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचा मुक्काम इथे पडायचा. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये वर खंडाळ्याहून पुण्याकडे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र प्रवाशांना डोलीत, पालखीत बसून नाहीतर पायी चढावा लागे. तो घाट फोडायचं काम सुरू होतं. सुमारे २४ किलोमीटरची चढण, २५ बोगदे, आणि काम ऐन भरात आलं तेव्हा त्यावर चाळीस हजारांहून जास्त मजूर. घाटमाथ्यावरचे, कोकणातले, दूरदूरचे. बायका आणि पोरंसुद्धा. शिवाय पटकीच्या साथी यायच्या त्या वेगळ्याच.

कंत्राट होतं विल्यम फेव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे. मुंबई-ठाणे ही पहिली रेल्वे बांधण्यात त्याचा हात होता. पण कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि मुकादमाखाली मजूर, अशी ती उतरंड. पैसा वरून निघायचा आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा मुरायचा. खाली पोचायला उशीर व्हायचा आणि पोचला तरी पुरा नसायचा. १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा संयम सुटला. थकलेल्या मजुरीसाठी त्यांनी घाटात दंगा केला, गोऱ्या देखरेखवाल्यांवर चाल करून गेले.

१८५७ चा उठाव नुकताच विझला होता. त्यामुळे सरकार दचकलं. चौकशी झाली. काही आठवड्यांतच फेव्हिएलने कंत्राट सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो येऊन महिनाभरात वारला, आणि त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट पुढे चालवलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. रेल्वेच्या इतिहासात ही सगळी नावं आहेत. घाटात दंगा केलेल्या मजुरांपैकी कोणाचं नाव आपल्या तोंडी नाही. पण त्यांच्या दंग्याचा माग कायद्यात सापडतो. १८६० मध्ये रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांचा मॅजिस्ट्रेटने झटपट निवाडा करावा, असा कायदा झाला. त्यामागे मुंबई इलाख्यातल्या रेल्वेकामावरचे हे तंटे होते.

आता लॅटिन 'पाकारे' आठवा. धनकोला शांत करणं. घाटात जे घडलं त्याला सरकारने शांतताभंग म्हटलं असणार. पण शब्दाच्या मूळ अर्थाने बघा. शांतता आधीच भंगली होती, ज्या दिवशी मजुरी थकली त्या दिवशी. मजूर चाल करून गेले ते नंतर. कुठलाही संप, कुठलाही मोर्चा बघताना आम्ही हा प्रश्न आधी विचारतो, पहिल्यांदा शांतता कोणी मोडली? कित्येकदा ती हिशेबाच्या वहीत, मुकाट्याने मोडलेली असते. तिथे आवाज होत नाही, म्हणून तिला कोणी दंगा म्हणत नाही.

पुढे १९१५ मध्ये टाटांचं वीजकेंद्र खोपोलीत सुरू झालं. वरच्या धरणांचं पाणी नळांतून खाली आणून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. मग कारखाने आले, आणि खोपोली पगारदारांचं गाव झालं. १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा झाला. हजाराच्या आत कामगार असतील तर सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहा तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे, असं त्यात लिहिलं गेलं. आपल्याकडे 'सात तारीख', 'दहा तारीख' असे शब्द सणासारखे उच्चारतात, त्याचं मूळ या कायद्यात आहे.

इथे थोडं घरचं सांगतो. आमचे वडील इथल्या एका कारखान्यात फिटर होते. आम्ही सातवीत होतो तेव्हा तीन महिने पगार थकला. आम्हाला त्या वेळी अर्थशास्त्र कळत नव्हतं, पण वाण्याच्या दुकानावरून जाताना वडील रस्त्याची दुसरी कड धरतात, हे कळत होतं. आईने आम्हाला वही देऊन दुकानात पाठवायचं बंद केलं आणि स्वतः जाऊ लागली. मुलाला बोल ऐकायला लागू नयेत म्हणून. चौथ्या महिन्यात एकदाचे पैसे आले. वडील घरी यायच्या आधी दुकानात गेले. वाण्याने खात्यावर उभी रेघ मारली, 'बेबाक' लिहिलं आणि वडिलांना तपकीर पुढे केली. घरी आल्यावर त्यांनी बूट काढले आणि एवढंच म्हणाले, "आज झोप लागेल."

'पगार' आणि 'पाक्स' यांचं नातं आम्ही पुढे कितीतरी वर्षांनी पुस्तकात वाचलं. तेव्हा आम्हाला ते नवीन वाटलं नाही. कारखान्याने वडिलांना शांत केलं, वडिलांनी वाण्याला शांत केलं, वाण्याने बाजारपेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याला केलं असेल. पगार एका माणसाला मिळत नाही, एका साखळीला मिळतो. तो थकला की ती सगळी साखळी खडखडते.

आता तो पाश राहिला. ज्या १८५९ साली घाटात मजुरांनी दंगा केला, त्याच साली आणखी एक कायदा झाला. ज्या मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम पुरं केलं नाही, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मालकाने पगार थकवला तर तो पैशाचा तंटा, आणि मजुराने उचल घेऊन काम सोडलं तर तो गुन्हा! हा कायदा १९२० च्या दशकात रद्द झाला. पण उचल राहिली. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरचे आमचे कातकरी बांधव पाऊस सरला की वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. जायच्या आधी उचल घेतात, कारण घरात दाणा नसतो. आणि उचल घेतली की ऋणाची दिशाच फिरते. काम करणारा धनको असायचा, तो ऋणको होतो. हंगाम संपताना हिशेब होतो, आणि त्यात पुष्कळदा त्याच्याकडेच काहीतरी 'फिरतं'. मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, पण उचलीचा हिशेब बघायला वीटभट्टीपर्यंत कोण जातं? पैसे कामाआधी दिले की कामानंतर, एवढाच वरवरचा फरक. पण कामानंतर दिलेला पैसा शांतता आणतो आणि कामाआधी दिलेला गळ्यात पाश टाकतो. एका मुळाचे दोन शब्द, आणि आपल्याच तालुक्यात दोन्ही अर्थ नांदताहेत.

जाता जाता आणखी एक शब्द, 'मानधन'. फार सुंदर शब्द. मानही आणि धनही. अंगणवाडी सेविकेला मानधन, आशाताईंना मानधन, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना मानधन. सगळे दिवसभर राबतात, मग पगार का नाही म्हणायचं? कारण 'पगार' म्हटलं की देणं कबूल केल्यासारखं होतं. मग तारीख आली, रजा आली, ग्रॅच्युइटी आली. 'मान' द्यायला मात्र तारीख लागत नाही. अंगणवाडी सेविका "मानधन नको, वेतन द्या" म्हणतात, तेव्हा लोकांना वाटतं हा पैशांचा वाद आहे. पैशांचा आहेच, पण तो अर्थाचाही वाद आहे. कृपा की देणं, मीठ की पगार? २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निकाल दिला. त्या कायद्यापुरतं त्यांचं मानधन हे 'वेतन' च्या व्याख्येत बसतं, असं त्यात म्हटलं आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एका शब्दाचा अर्थ ठरवावा लागला. शब्दांचा इतिहास हा निवृत्त लोकांचा विरंगुळा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एवढं पुरे.

आमची एक विद्यार्थिनी आहे. पीएच.डी. झालेली, दोन महाविद्यालयांत तासिकांवर शिकवते. मध्यंतरी भेटायला आली तेव्हा आम्ही सवयीने विचारलं, "काय ग, पगार वेळेवर होतो ना?" ती हसली आणि म्हणाली, "सर, आमचा पगार होत नाही. आमचं बिल निघतं. निघालं तर." आम्ही निवृत्तिवेतन दर महिन्याला बिनघोर घेणारे लोक. आम्हाला पुढे काही बोलता आलं नाही.

तर ज्यांनी प्रश्न विचारला त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं. कामगार आणि पगार यांचं व्याकरणात काही नातं नाही. एक फारसी घरातला, एक रोमन घरातला. पण ज्याने आधी राबून आपल्याला उधार दिलं, त्याचं देणं वेळेवर चुकतं करून त्याला शांत झोपू द्यायचं, हे नातं व्याकरणाबाहेरचं आहे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे पैसे आज किती तारखेला देतो, एवढं प्रत्येकाने घरी जाऊन कॅलेंडरवर बघावं.